नाव आणि हात : संगणक-तंत्रज्ञाच्या पहिल्या परीक्षेची तयारी



शतक पूर्ण केलेल्या ग्रंथालयाच्या व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, नाटक आणि कादंबरी यांना मानाचे पान मिळते, आणि ते योग्यच आहे. तथापि वाचनकक्षातील लांब टेबलाशी दुपारच्या वेळी जी तरुण मुले-मुली माना खाली घालून बसलेली असतात, त्यांच्यापुढे क्वचितच कादंबरी उघडलेली असते. त्यांच्यापुढे कोणत्या ना कोणत्या परीक्षेचे पुस्तक असते. ग्रंथालयांना त्यांची उपस्थिती हवी असते. त्यांच्या अभ्यासाचा विषय मात्र व्याख्यानपीठावर येण्याइतका प्रतिष्ठित मानला जात नाही. आज तो येथे येत आहे. संगणक जोडणाऱ्या, तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या नवशिक्या तंत्रज्ञाची प्रमाणपत्र परीक्षा व तिची तयारी, हा तो विषय.

नामपल्लीला हा विषय शोभतो. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या रझा कुली यास ‘नेकनाम खान’ हा किताब होता, आणि त्यावरून नेकनामपल्ली व पुढे नामपल्ली हे नाव रूढ झाले, असे सांगतात. नेकनाम म्हणजे ज्याचे नाव चांगले तो. आज या भागात नाव मिळविण्याचे, निदान नावापुढे काही अक्षरे मिळविण्याचे, जेवढे रस्ते एकत्र येतात तेवढे शहरात अन्यत्र क्वचितच येत असतील. माध्यमिक परीक्षा मंडळ चॅपेल रोडवर, इंटरमीजिएट मंडळाचे विद्याभवन जवळच, लोकसेवा आयोगाचे प्रतिभा भवन एम. जे. रोडवर. 1938 पासून भरत आलेली नुमाइश ज्या मैदानावर दरवर्षी जानेवारीत सजते, त्याच आवारात सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि कमला नेहरू महिला तंत्रनिकेतन उभी आहेत. प्रदर्शनाच्या उत्पन्नावर शिक्षणसंस्था चालविण्याची ही हैदराबादी रीत इतर शहरांनी घ्यावी अशी आहे. पश्चिमेस मल्लेपल्लीला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. 1907 च्या जुन्या रेल्वे स्थानकाशेजारी 2018 च्या सप्टेंबरपासून मेट्रोही थांबते, आणि त्या मेट्रोने गाडी न बदलता अमीरपेठेस जाता येते. अमीरपेठ म्हणजे संगणक-शिकवण्यांची मंडईच. तेथील भिंतींवर आणि खांबांवर जाहिरातींचे एकावर एक इतके थर चढलेले असतात की खालचा अभ्यासक्रम कोणता होता हे उकरून पाहावे लागते.

हैदराबादच्या मराठी समाजाला परीक्षा नवी नाही, आणि परक्या भाषेतील परीक्षा तर मुळीच नवी नाही. 1884 च्या सुमारास निजामी राज्याच्या कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडकडून राजधानीत आलेल्या मराठी तरुणास कचेरीत वा न्यायालयात जागा हवी असेल तर उर्दूवाचून गत्यंतर उरले नाही. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा भौतिकी आणि रसायनापासून वैद्यकापर्यंतचे शिक्षण उर्दूतून देण्याचा घाट घातला गेला व त्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर विभाग उघडण्यात आला. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, कागदावर उर्दू, शेजारी तेलुगू आणि 1948 नंतर सर्वत्र इंग्रजी, अशा पाच ताटांत जेवणारा हा समाज आहे. त्याच्या एका पिढीने टंकलेखन आणि लघुलेखनाच्या परीक्षा देऊन घरे सावरली. टंकयंत्र गेले, कळफलक राहिला. तंत्रज्ञाची ही परीक्षा त्याच वाटेवरील पुढचा मुक्काम आहे.

संगणकाच्या बाबतीत हैदराबाद तसे जुनेच शहर. 1967 मध्ये येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्रात आखलेला टीडीसी-12 हा संगणक 1969 मध्ये तिच्या हातून तयार झाला. परंतु आजच्या विषयाशी अधिक निगडित आहे ती दुसरी कंपनी. आयबीएमने 1978 मध्ये भारतातून काढता पाय घेतला. यंत्रे ग्राहकांकडेच राहिली. ती सांभाळणारी मूळ कंपनी तेवढी गेली. त्या यंत्रांची निगा राखण्याचे काम 1975 साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आले. पुढे सीएमसी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या कंपनीने सिकंदराबादेत संशोधन केंद्र उभारले, रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण केले, 2001 मध्ये ती टाटांकडे गेली आणि 2015 मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. एका राष्ट्रीय कंपनीने आपल्या मूळ नावातच ‘देखभाल’ हा शब्द मिरवावा, हे आज विसरले गेले आहे. संगणक म्हटले की आज्ञावली लिहिणारा डोळ्यांसमोर येतो. नामपल्ली स्थानकावरील आरक्षण-खिडकीचा पडदा अकस्मात काळा झाला म्हणजे ज्याला बोलावतात तो येत नाही. रांग मात्र त्याचीच वाट पाहत असते.

अशा माणसाची परीक्षा घ्यावी ही कल्पना अमेरिकेतील दुकानदारांची. 1982 मध्ये संगणक-विक्रेत्यांची एक संघटना तेथे स्थापन झाली. 1990 मध्ये तिने कॉम्पटिया हे नाव घेतले आणि 1993 मध्ये ‘ए प्लस’ ही परीक्षा सुरू केली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना हात लावणारा माणूस एकाच कंपनीच्या शिक्क्यावर कसा पारखावा, ही दुकानदारांची अडचण होती. म्हणून कोणत्याही कंपनीची नसलेली आणि प्राथमिक पातळीची अशी ही कसोटी निघाली. 2025 च्या आरंभी परीक्षांचा हा व्यवसाय संघटनेकडून खाजगी गुंतवणूक कंपन्यांच्या हाती गेला आहे. शुल्काकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात असावी.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात असे. प्रश्नपत्रिका दोन आणि दोहोंचे शुल्क वेगळे. प्रत्येकीत जास्तीत जास्त 90 प्रश्न, वेळ 90 मिनिटे. गुण 100 ते 900 या मापावर मोजतात; पहिलीत 675 आणि दुसरीत 700 मिळाले म्हणजे उत्तीर्ण. 2025 च्या मार्चमध्ये लागू झालेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे पहिल्या प्रश्नपत्रिकेत यंत्रभागांना 25 टक्के, जाळ्याला 23 टक्के आणि बिघाड शोधण्याला 28 टक्के वजन आहे. उरलेल्यात मोबाइल साधने व दूरस्थ साठवण येते. दुसरीत कार्यप्रणाली आणि सुरक्षितता यांना प्रत्येकी 28, आज्ञावलींतील बिघाडांना 23 आणि कामाच्या रीतीला 21 टक्के. 2011 पूर्वी मिळविलेले प्रमाणपत्र जन्मभराचे होते; त्यानंतरचे तीन वर्षांनी शिळे होते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. परीक्षार्थीस सुमारे बारा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव असावा, अशी शिफारस परीक्षा घेणारेच करतात. ही शेवटची ओळ शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत सहसा छापली जात नाही.

या परीक्षेकडे वळणारे तरुण साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला दुकानातला मुलगा. दहावी-बारावीनंतर तो आबिड्स किंवा सिकंदराबादच्या पार्कलेनकडील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात बसू लागतो. वर्षा-दोन वर्षांत त्याचा हात असा बसतो की बंद संगणकाच्या आवाजावरून तो दुखणे सांगतो. पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, असे दिसताच तो झाकण काढतो, रॅमची पट्टी उपसतो, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासतो, पट्टी पुन्हा बसवतो आणि यंत्र सुरू होते. दहापैकी कितीतरी वेळा त्याचे खरे ठरते. परंतु त्या पट्टीचा प्रकार कोणता, ती या मदरबोर्डवर का चालते आणि दुसऱ्यावर का बसत नाही, हे शब्दांत मांडायला त्याला सांगा, म्हणजे तो घुटमळतो. त्याच्याजवळ हात आहे, नाव नाही.

दुसरी तंत्रनिकेतनातली किंवा शिकवणीतली मुलगी. तिला लेझर छपाईयंत्राच्या सात पायऱ्या क्रमाने पाठ असतात : प्रक्रिया, विद्युतभारण, प्रकाशन, शाई धरणे, कागदावर उतरवणे, उष्णतेने पक्की करणे, साफसफाई. परंतु छापलेल्या कागदावरील अक्षर बोटाने पुसले जात असेल तर सातांपैकी कोणती पायरी बिघडली, हे विचारले की ती यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागते. उत्तर सहावी पायरी हे आहे; शाई कागदावर आली, पण तापून पक्की झाली नाही. कोठीच्या झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा हे यादीवाचून सांगेल. या मुलीजवळ नाव आहे, हात नाही; आणि त्यात तिचा दोष नाही, कारण दुकानांच्या त्या बाकावर मुलींना सहसा बसवीतच नाहीत.

परीक्षेच्या तयारीचे मर्म या दोघांना एकमेकांच्या जवळ आणण्यात आहे. नुसत्या हाताने प्रश्नपत्रिका सुटत नाही. नुसत्या नावाने ती कदाचित सुटते, पण पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात उघडे पडण्याची पाळी येते.

म्हणून तयारीचा आरंभ पुस्तकाच्या पहिल्या पानापासून करू नये. तो जुन्या, टाकाऊ संगणकापासून करावा. एक यंत्र पूर्ण सुटे करावे, प्रत्येक भागाचे नाव वहीत लिहावे, कोणता स्क्रू कोठला हे चितारून ठेवावे आणि ते पुन्हा जोडावे. पहिल्यांदा दिवस जाईल. पाचव्यांदा अर्धा तास पुरेल. जोडताना एखादी केबल विसरली जाईल आणि यंत्र सुरू होणार नाही. तो विसरभोळेपणा हाच धडा. वीजपुरवठ्याच्या डब्यातून बाहेर येणाऱ्या तारांत नारिंगीत 3.3, लालमध्ये 5 आणि पिवळ्यात 12 व्होल्ट असतात आणि काळी शून्याची, हे मल्टिमीटर लावून स्वतः मोजलेल्याला जन्मात विसरत नाही. मात्र तो वीजपुरवठ्याचा डबा स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरांत जीवघेणा भार राहू शकतो.

पुस्तके बहुतेक अमेरिकेत लिहिलेली. त्यांत भिंतीवरील वीज 120 व्होल्ट असते, आपल्याकडे 230. त्यांत घराला भूसंपर्क आहे हे गृहीत धरलेले असते. जुन्या शहरातील कितीतरी घरांत तीन छिद्रांच्या खोबणीतील तिसरे छिद्र केवळ शोभेचे असते आणि पेटीला हात लावताच मुंग्या येतात. स्थिरविद्युतीपासून भाग जपण्यासाठी मनगटी पट्टा बांधावा असे परीक्षा सांगते, आणि दुकानात कोणी तो बांधत नाही. उन्हाळ्यात हैदराबादची हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत स्थिरविद्युत अधिक साचते, आणि आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या ठिणगीने नाजूक चिप निकामी होते. तेव्हा या बाबतीत पुस्तक बरोबर आणि दुकान चूक. उलट खोडरबराची युक्ती छापील अभ्यासक्रमात नाही. तेथे फक्त ‘पट्टी काढून पुन्हा बसवा’ एवढेच उत्तर अपेक्षित असते. इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांखेरीज बी. गोविंदराजुलु यांचे आयबीएम पीसी व तिच्या प्रतिकृतींवरील पुस्तक 1990 च्या दशकात भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती होते. त्यातील यंत्रे आज कालबाह्य झाली, तरी बिघाडाकडे भारतीय दुरुस्तीकाराने कसे पाहावे याची शिस्त त्यात आहे. आबिड्सच्या पदपथावरील रविवारच्या बाजारात अशी पुस्तके अधूनमधून हाती लागतात. जुनी परीक्षा-पुस्तके मात्र स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नयेत. अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांनी पालटतो.

यंत्राच्या अंतर्भागाची कल्पना देण्यास ग्रंथालयासारखे साधन नाही. हार्ड डिस्क म्हणजे आतील ग्रंथकोठार. तेथे सर्व काही आहे, पण काढून आणायला वेळ लागतो. रॅम म्हणजे वाचनकक्षाचे टेबल. जेवढी पुस्तके त्यावर मावतील तेवढी हाताशी, आणि रात्री दिवा मालवला की टेबल रिकामे. टेबल लहान असेल तर शिपायाच्या फेऱ्या वाढतात; संगणक मंद झाला अशी तक्रार येते ती बहुधा तेव्हाच. जाळ्यातील डीएनएस म्हणजे सूचिपत्र. माणूस नावाने विचारतो, ते कपाटाचा क्रमांक सांगते. डीएचसीपी म्हणजे आत येणाऱ्याच्या हाती बिल्ला देणारा द्वारपाल. एखाद्या यंत्राचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर द्वारपाल भेटलाच नाही आणि पाहुण्याने स्वतःच चिठ्ठीवर एक क्रमांक लिहून खिशाला लावला, असे समजावे. अशा प्रतिमांनी विषय एकदा मनात बसला की 22, 53, 80, 443, 3389 अशा क्रमांकांची घोकंपट्टी करावीच लागते. तिला पर्याय नाही, आणि पाढे पाठ केलेल्या पिढीने तिला नाके मुरडू नयेत.

या परीक्षेतील खरोखर मौल्यवान भाग म्हणजे बिघाड शोधण्याची सहा पायऱ्यांची रीत. प्रथम प्रश्न नेमका ओळखावा : वापरणाऱ्यास विचारावे, अलीकडे काय बदलले ते पाहावे, आणि कशालाही हात लावण्यापूर्वी त्याच्या माहितीची प्रत काढून ठेवावी. मग संभाव्य कारणाचा तर्क करावा व तो करताना उघड दिसणाऱ्या गोष्टीवरही संशय घ्यावा. तर्क पडताळावा, टिकला नाही तर नवा करावा अथवा काम वरिष्ठाकडे सोपवावे. नंतर उपायाची योजना आखून ती अमलात आणावी. सर्व यंत्रणा पूर्ववत चालते याची खात्री करावी, शक्य तर पुन्हा तसे होऊ नये असा बंदोबस्त करावा. शेवटी काय झाले, काय केले आणि काय निष्पन्न झाले याची नोंद ठेवावी.

वर सांगितलेल्या काळ्या पडद्याचेच उदाहरण घ्यावे. दुकानातला मुलगा थेट तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उडी मारतो. परंतु दुकानाला काल चुना लावला, तेव्हा टेबल हलवले होते आणि मॉनिटरची केबल सैल झाली, हे मालकाला एक वाक्य विचारले असते तर कळले असते. झाकण काढण्याचे कारणच पडले नसते. आणि ज्या दिवशी रबर घासूनही यंत्र सुरू होत नाही, त्या दिवशी पुढे काय करावे हे सहा पायऱ्या सांगतात, सवय सांगत नाही. सहावी पायरी तर आपल्याकडे जवळजवळ कोणी चढतच नाही. केलेल्या दुरुस्तीची वही ठेवणारे दुकान शोधून सापडणार नाही. कारागिराची विद्या त्याच्या निवृत्तीबरोबर निघून जाते, पुढचा शिकाऊ पुन्हा श्रीगणेशापासून आरंभ करतो.

मराठी वा तेलुगू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. तांत्रिक शब्दांची भीती व्यर्थ आहे; रॅम, केबल, प्रिंटर हे शब्द बाजारानेच शिकविलेले असतात. परीक्षा अडते ती तीन साध्या इंग्रजी शब्दांवर : ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’ आणि ‘मोस्ट लाइकली’. चार उत्तरे दिलेली असतात आणि पुष्कळदा चारही करण्याजोगी असतात. तंत्रज्ञाने सर्वांत आधी काय करावे, उपायांपैकी उत्तम कोणता, कारणांपैकी अधिक संभवनीय कोणते, एवढेच विचारलेले असते. संगणकात विषाणू शिरला असेल तर तो काढावा हे बरोबर. पण लक्षणे ओळखल्यानंतर सर्वांत आधी ते यंत्र जाळ्यापासून तोडावे. घाईने वाचणारा ‘काढावा’ वर खूण करतो आणि ज्ञान असून गुण गमावतो. यावर उपाय एकच. सरावाचे प्रश्न सोडविताना प्रत्येक प्रश्न आधी मराठीत मोठ्याने सांगावा, काय विचारले आहे ते दुसऱ्याला समजावे, मग उत्तराकडे पाहावे. दोघांनी मिळून अभ्यास करण्याचा लाभ येथे सर्वाधिक होतो. आरंभी येणारे प्रत्यक्ष कृतीचे प्रश्न, ज्यांत पडद्यावरच जुळणी करून दाखवावी लागते, तेही वेळ खातात. त्यांना खूण करून पुढे जावे आणि शेवटी परत यावे.

दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील 21 टक्क्यांच्या ‘कामाची रीत’ या भागाची विद्यार्थी थट्टा करतात. त्यात वेळेवर जावे, उशीर होणार असेल तर कळवावे, ग्राहकाचे बोलणे मध्येच तोडू नये, त्याला न कळणारी परिभाषा वापरू नये, त्याची खाजगी कागदपत्रे पाहू नयेत, असे लिहिलेले असते. हे काय परीक्षेत विचारायचे, असे वाटते. परंतु ज्या शहरात ‘परसों’ म्हणजे गेल्या सप्ताहापासून गेल्या दशकापर्यंत कोणताही दिवस असू शकतो, तेथे दुरुस्तीला दिलेले यंत्र नक्की कोणत्या दिवशी मिळेल हे सांगण्याचे शिक्षण अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. विषयाच्या ज्ञानात कमी असूनही या एका गुणावर गिऱ्हाईक टिकवून ठेवणारे कारागीर असतात.

एक धोका स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. परीक्षेतील फुटलेले प्रश्न म्हणून काही गठ्ठे बाजारात विकले जातात. त्यांना ‘डंप’ म्हणतात, आणि कचऱ्याच्या ढिगाला हाच शब्द आहे हे बरेच झाले. परीक्षार्थीने ज्या करारावर संमती दिलेली असते त्यात असे साहित्य वापरण्यास बंदी आहे, आणि ते वापरल्याचे आढळल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. घरच्या माणसांनी दागिना गहाण ठेवून भरलेले शुल्क त्यात बुडते. शिवाय असे प्रश्न बहुधा जुन्या अभ्यासक्रमाचे आणि चुकीच्या उत्तरांसह असतात. याउलट, परीक्षेत काय येणार याची कलमवार यादी परीक्षा घेणाऱ्यांकडून विनामूल्य मिळते. ती छापून भिंतीवर लावावी, आणि एकेक ओळ हाताने करून पाहिली म्हणजेच तिच्यापुढे खूण करावी. शिकवणीला हजारो रुपये मोजण्यापूर्वी ही यादी किती विद्यार्थ्यांनी डोळ्यांखालून घातलेली असते, हा चिंतेचा विषय आहे.

ही अमेरिकन परीक्षा प्रत्येकाने द्यावी असेही नाही. प्रत्येक प्रश्नपत्रिकेचे शुल्क हजारो रुपयांच्या घरात जाते, तीन वर्षांनी पुन्हा खर्च आहेच, आणि गल्लीतील दुकानदार ते प्रमाणपत्र विचारीत नाही. परदेशी ग्राहकांची सेवा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या सहायता-कक्षात किंवा परदेशी नोकरीसाठी त्याचा उपयोग अधिक. ज्याला येथेच स्थिर व्हायचे आहे त्याच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संगणक-चालकाचा एक वर्षाचा आणि संगणक-प्रणाली देखभालीचा दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. त्यांचे राष्ट्रीय प्रमाणपत्र शासकीय भरतीत चालते, शुल्क अल्प असते आणि पुढे 1961 च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी व तिचे विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. त्या प्रमाणपत्राला मुदत नाही. प्रथम हे, आणि नोकरी लागून स्वतःची कमाई सुरू झाल्यावर ते, हा क्रम बहुसंख्य मध्यमवर्गीय व कष्टकरी घरांना अधिक परवडणारा आहे. जाहिराती याच्या उलट क्रम सुचवितात, कारण पहिल्या मार्गात जाहिरात करणाऱ्याला काही मिळत नाही.

ग्रंथालयाचा संबंध येथे येतो. दुकानातल्या मुलाला शांत जागा आणि शब्द हवेत. तंत्रनिकेतनातील मुलीला उघडलेले यंत्र हवे. दोघांनाही शिकवणीचे शुल्क जड जाते. हात आणि नाव यांची गाठ पडावी अशी शहरातील जागा सुचवायची तर दुकान नव्हे, कारण तेथे गिऱ्हाईक उभे असते; शिकवणी नव्हे, कारण तेथे पुढची तुकडी उभी असते. जुन्या मराठी ग्रंथालयाच्या वाचनकक्षाचा एक कोपरा मात्र या कामाला पुरतो. एक भक्कम लाकडी टेबल, त्यावर रबरी चटई, भूसंपर्क तपासून घेतलेली एक खोबण, दोन टाकाऊ संगणक, एक जुना लेझर प्रिंटर, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर, मनगटी पट्टा, चालू अभ्यासक्रमाच्या एका चांगल्या पुस्तकाच्या दोन प्रती, आणि दुरुस्त्यांची नोंदवही. ही वही मराठीत असावी. कोणते यंत्र, काय तक्रार, काय तर्क केला, तो का फसला, शेवटी काय सापडले, एवढे पाच रकाने पुरेत. दहा वर्षांनी ती वही ग्रंथालयाच्या संग्रहातील एक उपयुक्त ग्रंथ ठरेल, आणि तिची परिभाषा कोणत्याही समितीने न बनविलेली, कामातून आलेली मराठी असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळ पुरेशा आहेत. दुकानातला मुलगा यंत्र उघडील, मुलगी पुस्तक उघडील, आणि दोघांपैकी कोणी कोणाला शिकविले याचा हिशेब ठेवण्याची गरज पडणार नाही. ग्रंथालयाच्या स्वतःच्या संगणकाची, ज्यावर सूचिपत्र आहे, देखभाल त्यातूनच होईल.

यंत्रे विकत घेण्याचे कारण नाही. आश्रयदात्यांपैकी अनेकांच्या माळ्यावर मुलांनी टाकून दिलेले संगणक धूळ खात आहेत. ते देताना एवढीच काळजी घ्यावी, की हार्ड डिस्कवरील बँकेची कागदपत्रे, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार आधी काढून घेऊन ती डिस्क एखाद्या जाणत्याकडून पूर्ण पुसून घ्यावी, किंवा डिस्क काढून ठेवून उरलेले यंत्र द्यावे. फाइल डिलीट केल्याने ती पुसली जात नाही. तिची सूचिपत्रातील नोंद तेवढी निघते आणि पुस्तक कपाटात तसेच राहते. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत हाही एक प्रश्न असतो.